‘ब्राइट करा’ असं मी म्हणालो होतो

मुलगी शाळेच्या सहलीला गेली असताना मी तिचा पियानो बिघडवला. तिला सरप्राइज द्यायचं होतं. चामराजपेटहून घरी आलेल्या कन्नड ट्यूनरने मला फोनवर विचारलं, "सर, टोन कैसा चाहिए?" मी ऑफिसातून सांगून टाकलं, "ब्राइट करा." चांगली गोष्ट ब्राइटच असणार, असं मी धरून चाललो होतो. आवाज खणखणीत व्हावा म्हणून त्याने आतल्या हातोड्यांवरच्या लोकरीच्या फेल्टला लॅकर लावून ते कडक केलं.

ती आली, चार सूर वाजवले आणि झाकण लावलं. पियानोची परीक्षा तोंडावर, तरी सरावाला शिकवणाऱ्या बाईंच्या घरी जाऊ लागली. मला फक्त "इट्स ओके, बाबा."

मी ट्यूनरला पुन्हा फोन केला. फेल्ट सुयांनी टोचून मऊ करता येतं, पण जास्त टोचलं तर आवाज मरतो, असं तो म्हणाला. "पहले कैसा था?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं तो पियानो माझ्या हॉलमध्ये वाजत होता आणि मी शेजारीच कानांना हेडफोन लावून कॉल घेत होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

मुलीकडे गेलो. "तू सांगितलंस तरच होईल."

"तेव्हा विचारलं होतंस?"

"नाही. आता विचारतोय."

"हसशील."

"नाही हसणार."

"खालचे सूर पांघरुणात कुजबुजल्यासारखे होते. मधले सायीसारखे. आता सगळा पियानो म्हणजे डब्यात चमचे हलवल्यासारखा."

शनिवारी ट्यूनर आला. साय म्हणजे मलाई, हे मी त्याला सांगितलं. "केने? सरी, सरी," म्हणत सायीला कन्नड शब्द देऊन त्याने मान डोलावली आणि मधल्या हातोड्या टोचायला घेतल्या. मुलगी एकेक पट्टी दाबून पाहत होती.

"स्वल्प और?"

"हां, स्वल्प और."

सवयीने त्याने माझ्याकडे पाहिलं. "उससे पूछिए," मी म्हणालो. मला तर केव्हाच पुरे वाटत होतं.

"बाबा, तुला आता बरा वाटतोय ना?"

"हो."

"म्हणजे अजून टोचायला हवं."

ट्यूनर हसला. मीही हसलो. ऑफिसचा कॉल रद्द केला आणि त्याला दिसावं म्हणून टॉर्च धरून उभा राहिलो. मधला भाग झाल्यावर ती स्टुलावरून उठलीच नाही. अर्धा मऊ, अर्धा खणखणीत अशा त्या पियानोवर तिने परीक्षेचा तुकडा सुरू केला. ट्यूनर सुया हातात धरून थांबला. खालच्या हातोड्या अजून बाकी होत्या.