रीवा ते जळगाव : पस्तीस मिनिटं

भूतबित, चमत्कार वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं कामच आकड्यांचं. इंदूरच्या एका छोट्या चार्टर कंपनीत मी फ्लाइट प्लॅन बनवते — अंतर किती, वारा कुठून, विमान किती वाजता उतरेल. सुदामा नगरातून स्कूटीवर ऑफिस आणि संध्याकाळी परत. यात कसला आलाय अमानवीय अनुभव!

पण मागच्या हिवाळ्यात आला...

माझी मावशी जळगावला हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होती. तिचा एकुलता एक मुलगा संदीपदादा नोकरीला रीवाला. ट्रेनने यायचं तर अख्खा दिवस जाणार. नशिबाने त्याच दिवशी आमचं एक विमान कुणाला तरी रीवाला सोडून रिकामं परतणार होतं. भीत भीत साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अरे, इसमें पूछना क्या! बिठाओ भिया को, जलगांव उतारते हुए आ जाएगा."

प्लॅन मीच केला. अंतर साधारण सातशे किलोमीटर, विमान पंख्याचं, वारा समोरून. एक तास चाळीस मिनिटं. बारा पन्नासला टेकऑफ, अडीचला लँडिंग.

नातेवाइकांना वेळ सांगताना आम्ही नेहमी दहा मिनिटं वाढवून सांगतो. कमी करून कधीच नाही. दादाचं विमान उडाल्यावर मी जळगावला फोन लावला. नर्सने तो मावशीच्या कानाशी धरला.

"किती वाजता ग येईल?"

"अडीच, मावशी." वरची दहा मिनिटं सांगायचा धीरच झाला नाही.

"इतका वेळ नाहीये ग माझ्याकडे. थोडं लवकर आण ना त्याला..."

"हो, आणते," मी म्हणून गेले. चक्क खोटं बोलले. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

एक पंचावन्नला पायलटचा फोन. "मॅडम, जलगांव उतर गए."

"मज़ाक मत करो, भिया!"

चेष्टा नव्हती. टॉवरवरही तीच वेळ नोंदलेली.

सव्वादोनला दादा मावशीजवळ होता. तिने त्याला ओळखलं, त्याच्या हातून दोन चमचे पाणी प्यायली. पावणेतीनला ती गेली. माझ्या हिशोबाने दादा पोचला असता दोन पन्नासला.

विमान इंदूरला परतल्यावर मी कागद घेऊन बसले. समोरचा वारा असताना हे विमान इतक्या लवकर पोचूच शकत नाही. मग इंजिन किती वेळ चाललं ते दाखवणारं मीटर पाहिलं — रीवा ते जळगाव, पूर्ण एक तास चाळीस मिनिटं! इंधनही तेवढंच जळलेलं. पायलटने मनगट पुढे केलं. त्याचं घड्याळ पस्तीस मिनिटं पुढे होतं.

"हमने तो पूरा टाइम उड़ाया मॅडम. नीचे ही कम निकला," तो म्हणाला. साहेबांनी माझा हिशोब वाचला, सही केली आणि फाइल मिटली.

खूप जणांना विचारलं. घड्याळ बिघडलं असेल, मीटर बिघडलं असेल... दोन्ही एकदम? आणि नेमकी पस्तीसच मिनिटं? त्यानंतर कुणालाही "लवकर आणते" म्हणायची मात्र हिंमत झाली नाही.

तेरावं झाल्यावर दादा आमच्याकडे आला होता. चहा पिताना त्याच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तेही पस्तीस मिनिटं पुढेच.

"दादा, मागे कर की ते," मी म्हटलं.

त्याने बाही खाली ओढली. "राहू दे. ती मिनिटं आईने मागून घेतलीत."