अक्कानं आधी स्वतःचं रक्त दिलं

अक्काच्या प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी शहराबाहेर, आनेकलच्या कारखान्यात होतो. पलीकडून तिची सहकारी नुसती रडत होती. काय झालं ते मला विचारावं लागलं नाही... आमच्या घरात माणसं अशीच जातात.

सुमित्राअक्का माझी थोरली बहीण. हृदयाच्या रक्तवाहिन्या काही घराण्यांत तरुणपणीच का चोंदतात, याचा ती शोध घेत होती. बाबा चाळिशीत गेले तेव्हा ती कॉलेजात होती. बाबांच्या टाचांमागे गाठी होत्या. चप्पल चावत असेल, म्हणून आई त्यांवर तेल चोळायची. पुढं शिकताना अक्काला कळलं, की त्या गाठी कोलेस्टेरॉलच्या होत्या आणि तो दोष जन्मापासूनच रक्तात होता. आईला हे सांगताना म्हणाली, "रोज डोळ्यांसमोर होतं गं आई... कुणाला कळलंच नाही."

मग ती सगळ्या कुटुंबाचं रक्त मागायला राजाजीनगरला काकांकडे गेली. काका उखडले. "स्वल्प थांब गं! आमच्या पोरींची लग्नं मोडायचीत का तुला?"

"सरी काका, ठीक आहे. आधी माझं तपासते."

तिनं तिचं आणि माझं तपासलं. स्वयंपाकघरात शेंगा मोडता मोडता म्हणाली, "तुझ्यात नाही रे."

"आणि तुझ्यात?"

"आहे." शेंगा मोडणं थांबलं नाही.

त्यानंतर नात्यातल्या प्रत्येक घरी जाऊन तिनं तो दोष आपल्यात असल्याचं उघडपणे सांगितलं. स्वतःचं लग्न तिनं केलं नाही; का, ते मी कधी विचारलं नाही. हळूहळू लोक रक्त द्यायला आले. शेवटी काकाही आले, नात नंदिनीला घेऊन. नंदिनी तेव्हा शाळेत होती. तिच्यात दोष निघाला आणि लगेच औषध सुरू झालं. अक्काचं औषध सुरू होईपर्यंत मात्र तिच्या रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झाल्या होत्या. ते तिला ठाऊक होतं. "मला उशीर झाला रे, नंदिनीला नाही," एवढंच म्हणायची, आणि कामाला लागायची.

आता नंदिनी कॉलेजसाठी जे. पी. नगरला आमच्याकडेच, अक्काच्या खोलीत राहते. जेवण झालं की आई तिच्या हातावर गोळी ठेवते. इतकी वर्षं अक्काला द्यायची, तशीच. परवा गोळी देताना म्हणाली, "घे गं सुमित्रा..."

मी मान खाली घातली.  नंदिनीनं गोळी तोंडात टाकली आणि आईच्या हातातलं भांडं घेऊन पाणी प्याली.