मूठ कोणत्या बाजूले

माह्या सासूले स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. मानीबाई तिचं नाव. घरात सारे तिले याडी म्हणत. आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत याडी म्हणजे माय. जेवतानाही ती उकिडवी बसे, उठायले सोपं जावं म्हणून. आर्णीतल्या बाया म्हणत, मानीबाईच्या पायाले भिंगरी हाय. मी मनात म्हणायची, पायाले हाय ते ठीक, पण जिभेले कोणी बांधली वं बाप्पा?

तिचा जीव माह्यावर नव्हता, हे आधीच सांगून टाकते. कारण एकच, माहा हात. मी जन्माची डावरी. भाकर थापणं, इळा धरणं, झाडू मारणं, सारं डाव्या हातानं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं माह्या डाव्या हाताले फडकं बांधलं अन् म्हणे, "या चुलीसमोर हा हात दिसला नाही पायजे. देवी पाहून राह्यली." आता आमच्या बोलीत उजव्या हाताले म्हणतात जमणो, म्हणजे जेवायचा हात. अन् माहं नाव जमनी. मंग काय, तिले आयताच टोमणा सापडला. येता-जाता म्हणायची, "नाव जमनी, अन् हात डावो!" शेजारणी फिदीफिदी हसत. माह्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फडकं मी आठ दिसात फेकलं, पण तिच्यासमोर डावा हात पदराखाली लपवायची सवय लागली ती लागलीच.

आमच्या घरचे जिनिंगात कापूस तोलणारे तोलारी होते. रूपसिंग त्यायचं नाव. घेतलं नाव, आता रागवायले कोण राह्यलं? ऐन उमेदीत त्यायले साखरेची बिमारी जडली. रोज सकाळी सुई. ती सुईची शिशी थंडीतच ठेवा लागे, अन् आमच्याकडे चैत्र लागला का माठातलं पाणीही कोमट. ओल्या रेतीत नवा माठ, माठात डबा, डब्यात शिशी, असे सारे उपाय केले. तरी त्रेसष्टच्या उन्हाळ्यात शिशी नासली. सुई लागू पडली नाही अन् माणूस बाजेवर बेशुद्ध. यवतमाळच्या दवाखान्यातून ते जिवंत परत आले, हेच नशीब. डॉक्टरानं बजावलं, पुढचा उन्हाळा माठाच्या भरोशावर काढू नका, माणूस हातचा जाईन.

त्या दिवसापासून याडीच्या डोक्यात थंडं कपाट शिरलं. फ्रिज हा शब्द आमच्या तोंडी नव्हता, आम्ही थंडं कपाटच म्हणू. आमच्या आळीत विजेचे खांब नुकतेच आलते. तिनं अंगावरची चांदी मोडली. सासरे तांड्यावर शेतात, त्यायले विचारलंही नाही. म्हणे, "पोरगा राह्यला तं चांदी पुन्हा होईन." हे मात्र मले पटलं. बाई कडू होती, पण लेकासाठी जीव काढून देईन अशी.

पण कपाट ठेवाचं कुठं? पुढच्या खोलीवर टिन. तिथं ठेवलं तं कपाटालेच ताप भरन. सैपाकघरात एका भिंतीले चूल, एका भिंतीले खिडकी, तिथून दिवसभर ऊन. राह्यली मागची भिंत. तिच्या उजव्या कोपऱ्यात देवीचा ओटा, अन् डाव्या अंगाले सैपाकघरात शिरायचं दार. मधात कपाट मावन एवढीच जागा. याडीनं बैलाचा कासरा आणला, जागा मापली, कासऱ्याले गाठ मारली. मंग पुन्हा मापली. मंग कोळशानं जमिनीवर चौकोन काढला अन् आठवडाभर त्या चौकोनावर मले पाय ठेवू देल्ला नाही. डोक्यावर घागर घेऊन मी त्या कोळशाले वळसा घालून जाओ. चुकून पाय पडला का, "वं आंधळे, कपाटाले धडकली तू!" कपाटाचा पत्ता नव्हता, अन् मी त्याले धडकून राह्यली होती.

एवढ्यानं तिचं समाधान होते काय? एका दुपारी तिनं आपल्या लेकालेच त्या चौकोनात उभं केलं. "तू कपाट हाय," म्हणे. "हा हात म्हणजे दार. उघड." यायनं बिचाऱ्यानं देवीच्या अंगाचा हात बाहेर केला. हात ओट्यावरच्या दिव्याले लागला. "हे नाही जमत. दुसरा हात उघड." दुसरा हात दाराकडे गेला, मोकळा फिरला. याडीनं टाळी वाजवली. दार तिकडे फिरायचं तं मूठ इकडे, उजव्या बाजूले पायजे. बिमार माणूस कपाट होऊन उभा, अन् तीन-तीनदा उघड-लाव, उघड-लाव. ते हसत होते. मले हसू येत होतं अन् रडूही येत होतं. होळी जवळ आलती, ऊन चढू लागलतं, अन् घरात कपाट म्हणून एक आजारी नवरा.

इंजिनं, मोटारपंप दुरुस्त करणारा वाहिद आमच्या ओळखीचा. त्यानं खबर आणली का यवतमाळले एका साहेबाची बदली झाली, बंगल्यावर दोन जुनी कपाटं विकायले काढली. एकाची मूठ या बाजूले, एकाची त्या. तो निघालाच होता, मोटारस्टँडवर बस घुरघुरून राह्यली होती. याडी त्याच्यामागं रस्त्यापर्यंत धावली. हातात गाठीचा कासरा देल्ला अन् बसच्या आवाजात ओरडली, "वाहिद, मूठ जमणे बाजूले पायजे! ध्यानात ठेवजो, जमणे!"

वाहिदनं मान डोलावली. "समझ गया चाची!"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बैलगाडीवर कपाट आलं. सोबत वाहिदनं उन्हाळाभराच्या सुईच्या शिशा आणल्या, बर्फ घातलेल्या थर्मासात. बर्फाचं तं केव्हाच पाणी झालतं. चार माणसायनं कपाट उचललं, कोळशाच्या चौकोनात ठेवलं. मावलं असं, जसं तिथंच जन्मलं. वाहिदनं वायर जोडली, कपाट गुरगुरलं. याडीनं हळद-कुंकू लावलं अन् दार ओढलं.

दार वीतभर उघडलं अन् देवीच्या ओट्यावर ठक्कन आपटलं. मूठ डाव्या बाजूले होती.

"अरे मुडद्या!" याडी किंचाळली. "मी काय सांगतलतं तुले?"

"चाची, तुम्हीच तं बोलल्या, मूठ जमनीबाजूले पायजे!" वाहिद घामाघूम. "भाभी डावरी हाय, सारी आर्णी जाणते. मी म्हटलं, वा, सुनेसाठी किती विचार करतात चाची. दुसरं चांगलं होतं, ते सोडून हे आणलं."

मंग याडी माह्याकडे फिरली. "तूच शिकवलं असन याले!"

मंग माहाही तोल गेला. "हो ना! मी तं रोजच बसून राह्यते याच्या दुकानात, कपाटाच्या मुठी शिकवत!" लग्न झाल्यापासून पह्यल्यांदा उलट बोलली मी.

दुसरं कपाट विकल्या गेलतं. वाहिदनं दाराचे कब्जे काढून पाहिले, तं दुसऱ्या बाजूले भोकंच नव्हती. कपाट पुढं ओढलं तं येण्याजाण्याची वाटच बंद. देवीचा ओटा तांड्याच्या नायकानं, भाऊबंदायनं मिळून बसवलेला. तो हलवायचा तं सारा तांडा बोलवा, बोकड द्या, अन् तेही दसऱ्याशिवाय नाही. इकडे थर्मास कोमट होऊन राह्यला. बाजेवरून आमचे घरचे म्हणे, "राहू द्या, माठात ठेवा." तो शब्द ऐकून याडीचं तोंड पांढरं पडलं. तीच शिशी, तोच माठ, तोच उन्हाळा, साऱ्यायले आठवलं.

तिनं त्या फटीत आपला हात घातला. मनगटापासून कोपरापर्यंत चुडा, फटीत अडकला. ओढून काढला तं सालपटं निघाली. वाहिदनं प्रयत्न केला. डाव्या हाताची त्याले सवय नाही, अन् त्या जागेत उजवा आत न्यायचा तं अंग पिरगाळा लागे. शिशी हातून निसटली, ती त्यानं पोटावर झेलली. याडीनं डोळे मिटले.

मी उठली. कोणाले विचारलं नाही. सैपाकघराच्या दारात उभी राह्यली, बांगड्या वर सारल्या अन् पदरातून डावा हात काढला. तिथून तो सरळ आत गेला, जशी वाटच त्याच्यासाठी ठेवलेली. एक-एक शिशी जाळीवर ठेवली. हाताले थंड हवा लागली. बाजूले देवीचा दिवा जळत होता, याडी पाहत होती, अन् मी हात लपवला नाही. दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "जमनी, शिशी काढ." तोंड भिंतीकडे करून म्हणे. मंग रोजच. हळूहळू तोंड इकडे वळलं. वैशाखात जमीन तापून फुटली, पण शिशी नासली नाही, अन् आमचे घरचे एक दिवस बाजेवर पडले नाहीत. तरी भाकर वाढताना मी उजवाच हात वापरो. ते तिनं कधी मोडलं नाही अन् मीही नाही.

दिवाळीच्या आधी वाहिद आला. "चाची, दारव्ह्याले कपाट निघालं. मूठ उजव्या बाजूले. अब के पक्कं विचारून आलो, जमणो म्हणजे उजवा. हे घेऊन जातो, ते आणून देतो."

मी चुलीजवळ, हातात परात. याडी आंगण झाडत होती, ती थांबली. झाडू खाली ठेवला.

"कायले?" ती म्हणे. "तू पह्यल्यांदाच बरोबर ऐकलतं वाहिद. या घरात जमणो म्हणजे जमनीचा हात."

अन् आत येऊन चुलीसमोर बसली. "भूक लागली वं. वाढ. त्याच हातानं वाढ."

मी परात खाली ठेवली. मी डाव्या हातानं भाकर वाढली, तिनं ती ताटात घेतली, तुकडा मोडला. मी तोंड फिरवून रडून घेतलं, अगदी हुंदके देऊन, वाहिद पाहत होता तरी. मंग वळून पाहते तं याडी मांडी घालून जेवून राह्यली होती.