वाणाला दिलेली लिली

आमच्या घरात बोलायचं काम थोरल्या जाऊबाईंचं. मी त्यांना अक्का म्हणायचे. दूधवाला, भाजीवाली, मीटर बघायला येणारा माणूस, सगळ्यांशी त्याच बोलायच्या आणि मी मागं पिशवी धरून उभी असायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच होतं. कुणाच्या दारात मी एकटी कधी गेले नाही.

एकदा शाहूपुरीतून येताना अक्का एका नर्सरीपाशी थांबल्या. पिवळ्या फुलांची, जेमतेम वीतभर उंचीची रोपं मांडलेली होती.

"डे लिली हाय मावशी. बुटकी जात."

"म्हंजे आणि वाढणार न्हाई?"

"न्हाई, एवढीच."

"मग आमच्या धाकटीची भावकीच की ही!" अक्का माझ्याकडं बघत म्हणाल्या. नर्सरीवाला हसला. मला कुठं बघावं कळेना.

"पर एक फूल एकच दिवस टिकतंय," तो म्हणाला. "सकाळी उघडतंय, सांजला मिटतंय. दुसऱ्या दिवशी दुसरी कळी."

घेतली अक्कांनी, पण तिची निगा करायला लागले मीच. गच्चीवर ऊन भरपूर. मिटलेलं फूल रोज सकाळी खुडायचं, म्हणजे मागच्या कळीला जोर येतो. पावसाळ्यात कुंडी विटांवर ठेवायची, खाली पाणी साचू द्यायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, करता करता कळलं. पानं गवतासारखी पसरत गेली, कुंडी गच्च भरली आणि एकीच्या चार कुंड्या झाल्या. अक्का जिन्यातून ओरडायच्या, "आज किती गं?" मी वरून बोटं दाखवायचे.

मग अक्कांच्या घशात गाठ निघाली. आवाज बसत बसत नुसती घोगरी कुजबूज राहिली. दवाखान्यात लोक काही विचारताना माझ्याकडं बघायचे आणि मी अक्कांकडं.

त्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय वाण द्यायचं, असं मी विचारलं. वाट्या, डबे तर सगळ्यांच्या घरी पडलेत, अक्का म्हणाल्या, लिली देऊया. आम्ही दोघींनी गच्चीवर बसून कुंड्या उपड्या केल्या. शतावरीसारखी जाड मुळं एकमेकांत गुंतली होती. ती हातानं सोडवली, एकेक जुडी वेगळी केली, पानं निम्मी कापली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली. अक्कांना धाप लागत होती, तरी उठेनात.

बायका आल्या. एकीनं पदरात घेत म्हटलं, "अगं बाई, वाणाला गवत दिलंय की!" सगळ्या हसल्या.

"फुलल्यावर बोल," अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडं बोट करून प्रत्येकीला सांगत सुटल्या, "न्हाईच जगली तर हिला बोलवा. हिला कळतंय त्यातलं."

बायका गेल्यावर मी चिडले. "मला कशाला मधी घातलंसा, अक्का?"

"मी नसल्यावर तू कुणाच्या दारात जाणार हायस? मला ठाऊक हाय की. घरात बसून राहशील नुसती. ह्या गवताच्या निमित्तानं तरी जा."

मी उरलेली फडकी पिळून वाळत घातली.

उन्हाळा लागता लागता अक्का गेल्या. त्या दिवशी गच्चीवर फुलं उघडली होती. ती तशीच मिटली. दुसऱ्या दिवशी मी ती खुडली नाहीत. आठवडाभर वर गेलेच नाही.

पुढं एकदा कपडे वाळत घालताना खाली बोळाच्या टोकाला नजर गेली. तिथल्या, मुरगूड गावच्या बाईंच्या दारातली आमची वाणाची लिली पिवळी पडत चालली होती. मी रोज बघायचे आणि खाली यायचे. शेवटी एका दुपारी गेले. कडी वाजवायला हात उचलेना, म्हणून कुंडीपाशीच उभी राहिले. त्यांनीच आतून बघितलं.

"या की वैनी! अक्कांनी सांगितलतं, तुम्ही येणार म्हणून. बघा की, काय झालंय हिला."

मी खाली बसले. रोपाभोवती मातीचा हा ढीग, पानं निम्म्यापर्यंत गाडलेली.

"भर लावली," त्या म्हणाल्या. "उसाला लावतोय तशी. आमच्या मालकांनी तर कुंडीला खोरं घेतलतं!"

"पानं फुटतात ती मान उघडी ठेवायची," मी म्हटलं. आवाज फार हळू निघाला, म्हणून परत म्हटलं, "हिची मान मातीत बुडाली की कुजती."

मी बोटांनी माती उकरली. एक जुडी मऊ पडून सुटली, दुसरी अजून घट्ट होती. "ही जगंल," मी सांगितलं. त्यांनी चहा दिला. "अक्का असत्या तर कसलं हाणलं असतं मला!" त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो.

परत येताना मी भराभरा चालत होते. कुंडीला खोरं घेतलेले ते मालक डोळ्यांपुढं येत होते. हे अक्कांना कसं सांगायचं, ते मनात जुळवत होते. दारात चप्पल काढली आणि हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा ध्यानात आलं.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "दुपारी कुठं गेलतीस?"

"कुठं न्हाई," मी म्हटलं आणि भाकरी वाढली.