फ्लॉपीच्या फटीतल्या अक्षता

दसऱ्याच्या आवराआवरीत मी जुना संगणक उघडला आणि फ्लॉपीच्या फटीतून पिवळे तांदूळ टेबलावर सांडले. कॉलेजात असताना फ्लॉपी अडकते म्हणून मी दुकानदाराशी भांडले होते. आता कळलं. दर दसऱ्याला आई याची पूजा करायची आणि अक्षता त्या फटीत घालायची.

"आई, हे तुझे उद्योग!"

"मग? घरात पहिली पदवी आणली त्यानं."

"पदवी मी आणली."

"तू जागलीस, तो तापला."

माझं काम नव्या प्रोसेसरांचा वेग मोजण्याचं. सगळ्यांना एकच गणित घालायचं, आधी कोण संपवतो ते लिहायचं. गेल्या वर्षीचा पहिला यंदा तळाला असतो. हल्ली तो तक्ता भरताना मला उगाच थकवा येतो. ऑफिसातली नवी मुलं माझं बोलणं संपायच्या आत उत्तर देतात.

धूळ पुसून मी तेच गणित जुन्यालाही घातलं. तो घरघरत राहिला. आमचा चहा झाला, कप विसळून झाले, तेव्हा कुठे उत्तर आलं.

"ताई, भंगारात दे आता," धाकटा भाऊ म्हणाला. "कोपरा तरी मोकळा होईल."

आईने मला विचारलं, "चुकलं का त्याचं?"

"नाही गं. उशीर झाला फक्त."

"मग राहू दे की."

मी झाकण बसवलं, फटीवर चिकटपट्टी लावली आणि हळदीकुंकवाची कोयरी आईच्या हातात दिली.