साहेबांना सतरा प्रश्न

आमच्या थोरल्या साडूंना जगातल्या एकाही राष्ट्राध्यक्षाची भीती वाटत नसे. वाटे ती फक्त अक्कांची, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची, आणि तीही जेवणाच्या वेळेपुरती. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. इंदापुरात त्यांचा पायानं चालवायचा छापखाना होता. सहा दिवस त्यावर लग्नपत्रिका निघत आणि सातव्या दिवशी आबांचं चार पानी साप्ताहिक. अग्रलेख थेट कुठल्यातरी महासत्तेला उद्देशून असे. आजोबांपर्यंत घराणं मेंढरांमागं हिंडलेलं, माळाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय अंगात मुरलेली; त्यामुळे इंदापुरातून दिलेली हाक सातासमुद्रापार पोचते याबद्दल आबांना तिळमात्र शंका नव्हती. एकदा त्यांनी ‘हा आमचा अखेरचा इशारा’ असा मथळा दिला. महासत्तेनं दाद दिली नाही, तेव्हा पुढच्या अंकात ‘अखेरचा इशारा : भाग दुसरा’ आला. प्रत्येक अंक ‘सप्रेम भेट’ असा शिक्का मारून त्या त्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीला जाई. “ते मराठी कसं वाचणार?” असं मी विचारलं, तर म्हणाले, “पाव्हणं, गरज त्यांस्नी हाय. शिकतील की.”

फोटोंची गंमत वेगळीच. छापखान्यात गोऱ्या माणसाचा फोटो छापायचा एकच ब्लॉक होता, कधीकाळी ठिबक सिंचन दाखवायला आलेल्या कुण्या तज्ज्ञाचा. परदेशात निवडणूक कुणीही जिंको, बंड कुठंही होवो, आबांच्या पहिल्या पानावर तो ठिबकवालाच हसत उभा. मी तक्रार केली तेव्हा मलाच ऐकावं लागलं. “वाचकांस्नी सवय झालीया त्याची. दुसरा छापला तर इचारतील, ह्यो कोन आनि?”

मग आखातात युद्ध पेटलं आणि आबांच्या लेखणीला नुसता ऊत आला. पण त्या वेळी गोष्ट निव्वळ इशाऱ्यांची राहिली नव्हती. लासुर्ण्याचा एक पोरगा वालचंदनगरला फिटरचं काम शिकून कुवेतला गेला होता आणि कित्येक आठवडे त्याचं पत्र नव्हतं. त्याची आई बाजारच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन इंदापूरला येई, ती आधी छापखान्यात. आबा जगाच्या पुढाऱ्यांना दर आठवड्याला लिहितात, म्हणजे त्यांचा थोडाफार वशिला असणारच, अशी त्या माउलीची समजूत. ती दूर करण्याचा धीर आबांना कधी झाला नाही. त्यातच बातमी आली की, युद्धात उतरलेल्या एका देशाच्या वकिलातीतले बडे साहेब, आपला देश का लढतोय हे लोकांना समजावून सांगायला तालुक्या-तालुक्यांतून फिरताहेत आणि इंदापूरलाही येणार आहेत.

“आबा, त्या सायबाला माझ्या पोराचं इचाराल न्हवं?” ती म्हणाली.

“इचारतो म्हंजे? उत्तर घेतल्याबिगर सोडत न्हाय त्याला,” आबा म्हणाले आणि त्याच रात्री त्यांनी सतरा प्रश्न लिहून काढले.

मी बारामतीला इंग्रजी शिकवत असे, म्हणून दुभाषा मी. विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात तालुक्यातले पाच पत्रकार बसले. साहेबांनी प्रत्येकाला एक डायरी, एक कॅलेंडर दिलं, तासभर न्याय आणि शांतता सांगितली आणि मग जाहीर झालं की प्रश्नांना वेळ नाही, सत्कार करून साहेब लगेच पुण्याला निघतील. आबांचा हात खिशातल्या कागदावरच राहिला. पण आयोजकांनी एक चूक केली. सत्कार म्हटला की फेटा आला, आणि आबांसारखा फेटा तालुक्यात कुणाला बांधता येत नसे. त्यांनी आबांनाच पुढं बोलावलं.

आबांनी दोन वेढे घट्ट घेतले, कापड डाव्या मुठीत धरलं आणि मला म्हणाले, “पाव्हणं, सायबास्नी सांगा, हलू नका. हललं की फेटा सुटतो. प्रश्न पयला.”

एका वेढ्याला एक प्रश्न, अशी ती पत्रकार परिषद चालली. तहसीलदार रुमालानं मान पुसत होते. साहेब समोर बघत, मान ताठ ठेवून, “आमच्या सरकारची भूमिका…” असं म्हणत होते. नवव्या प्रश्नाला कापड संपलं. आबांनी “जरा वाकडा झाला” म्हणून सगळा फेटा उकलला आणि दहाव्यापासून पुन्हा सुरुवात केली.

सतरावा प्रश्न फिटरचा होता. “आमचं एक पोरगं तिकडं अडकलंय. त्याची आई माझ्या दारात बसून हाय. त्ये जित्तं हाय का, येवढंच सांगा.”

साहेबांनी पहिल्यांदाच मान वळवून आबांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले की, माझाही मुलगा तिकडंच आहे, सैन्यात, आणि तीन आठवडे त्याचं पत्र नाही. मी ते मराठीत सांगितलं. आबांचे हात थांबले. मग त्यांनी सगळा फेटा पुन्हा उकलला आणि साहेबांना इतका देखणा बांधला की घरच्या नवरदेवालासुद्धा तसा कधी बांधला नसेल. साहेबांनी फिटरचं नाव आणि गाव डायरीत लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या वृत्तपत्रांना भरतं आलं. एकानं ‘परदेशी पाहुणे भारावले’ असं छापलं, दुसऱ्यानं साहेबांनी ठेचा कसा खाल्ला यावर अर्धं पान खर्च केलं. आबांच्या अंकात वर ठिबकवाला, खाली सतरा प्रश्न आणि प्रत्येकापुढं ‘उत्तर मिळाले नाही’. साहेबांच्या मुलाचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. तीच तर खरी बातमी होती, असं मी म्हटलं.

“ती बातमी न्हाय, पाव्हणं. त्ये त्या मानसाचं घरचं हाय.”

युद्ध संपल्यावर वकिलातीच्या कागदावर टाइप केलेलं दोन ओळींचं पत्र आलं : लासुर्ण्याचा मुलगा जॉर्डनच्या छावणीत सुखरूप आहे, लवकरच परतेल. आबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि लुना काढून ते लासुर्ण्याला गेले. परत आल्यावर त्यांनी उत्तर सांगितलं, मी ते इंग्रजीत लिहिलं. त्यात आभार होते आणि एकच प्रश्न होता : तुमचा मुलगा आला का?

त्याला उत्तर आलं नाही. साहेबांची बदली झाली, एवढंच कळलं. त्यानंतर मी इंदापूरला गेलो की आबा चहा हातात ठेवायच्या आधी विचारत, “त्याच्या पोराचं काय कळलं का वो?” काही वर्षांनी मला ते बघवेना. मी खोटंच सांगितलं की, चौकशी केली, मुलगा सुखरूप घरी पोचला. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. “ब्येस झालं,” म्हणाले.

पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा त्यांनी पुन्हा तेच विचारलं.