गजाभाऊंचा एकच शब्द

"गजाभाऊ गेले हो," असं जानेफळहून त्यांच्या शेजाऱ्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "तू सोता पाह्यलं?" महिना होत आला, पण त्या प्रश्नाची मला लाज वाटत नाही. आमच्या जुन्या दोस्तीत संशय घ्यायला मला त्यांनीच शिकवलं होतं...

अख्ख्या इंग्रजीतला एकच शब्द भाऊंना कामाचा वाटे : सेटिंग. मोबाइलची सेटिंग बिघडे, मळणीयंत्राची करून घ्यावी लागे, कॉलेजातल्या पोरापोरींची जुळे, आणि सरकारी कचेरीत तिच्यावाचून कागद हलत नसे. इथवर सारं गाव त्यांच्या बाजूनं. पण पाऊस मेहकरात कोसळून जानेफळ कोरडं राहिलं, की भाऊ आभाळाकडं बोट दाखवत : "सेटिंग हाय बे!" शेजाऱ्याच्या कोंबड्यापाठोपाठ आपला कोंबडा आरवला, म्हणून त्याला टोपल्याखाली कोंडून त्यांनी उलटतपासणी घेतलेली मी या डोळ्यांनी पाहिलीय.

गंमत तिथवर ठीक होती. धाकट्या भावाशी, सुभाषशी, विहीर सामाईक, पाणी पाळीपाळीनं. सुभाषच्या पाळीला लाइट टिके, यांच्या पाळीला जाई. "लाइनमनशी सेटिंग हाय त्याची," भाऊ चारचौघांत बोलले. त्या दिवसापासून सुभाषनं भावाचा उंबरा सोडला.

पुढं भाऊ मला एकटं गाठून विचारत, "मी मेल्यावर तरी या घरात येईन का बे तो?"

"रडत येईन."

"मंग तूच सांगून ठेवलं असशीन त्याले!"

मातीला सुभाष आला, पण सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि तसाच निघून गेला. आमच्याकडं त्या दिवशी मयताच्या घरात चूल पेटत नाही. भाऊबंदांनी जेवण आणायचं असतं. दिवस कलला, कोणीच येईना... आणि पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन सुभाष दारात! वहिनींनी आधी माझ्याकडं पाहिलं.

"भाऊजी, तुमीच सांगितलं ना त्याले?"

"आईची आन, वहिनी, मी नाही." जन्मभर थापा मारलेल्या माणसाचं हे एकमेव खरं वाक्य कोणाला पटणार?

"मले कोन काऊन सांगन, वहिनी?" सुभाषनं टोपलं वहिनींपुढं ठेवलं. "माहा भाऊ गेला."

वहिनींनी भाकर मोडली. घास तोंडाशी नेता नेता थांबल्या आणि अर्धी त्याच्यापुढं धरली.

"आंधी तू खाय."

परक्या घरचा चहा यजमानानं घोट घेतल्याशिवाय भाऊ पीत नसत. अगदी तस्संच! सुभाष रडत रडत चावत होता, आणि तो घास गिळेपर्यंत वहिनींची नजर त्याच्यावरून हलली नाही. मग त्या जेवल्या.